आकडा

आमच्या जिममध्ये रोज एक लबाडी चालायची आणि ती करणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, हे फक्त आपल्यालाच सुचलंय. लॅट पुलडाऊनवरचा शेवटचा सेट मारून झाला की गडी उठायचा, नॅपकिनने मान पुसायचा आणि वळता वळता पिन हळूच चार भोकं खाली सरकवायचा. ओढलेलं असायचं चाळीस किलो, पिन सापडायची साठवर. मागून येणाऱ्याने ती बघावी आणि "आयला, साठ मारून गेला!" म्हणावं, एवढ्यासाठी. मागून येणाराही कमी नसायचा. तो साठवरच बसायचा, सगळं अंग मागे झोकून देत तीन-चारदा कसंबसं ओढायचा आणि जाताना पिन सत्तरला लावायचा. संध्याकाळी सातला सुरू झालेला हा लिलाव रात्री दहाला शटर ओढायच्या वेळी ऐंशीवर, म्हणजे शेवटच्या प्लेटवर येऊन थांबलेला असे. सकाळी सहाला आल्यावर माझं पहिलं काम पिन वर आणायचं. दुसरं, देवाला उदबत्ती.

मी तिथे ट्रेनर होतो, बावीस वर्षं. गिरगावातली एक चाळ, तिच्या तळमजल्यावर पूर्वी छापखाना होता. दोन खोल्यांमधली भिंत पाडून आमच्या मालकांनी तिथे जिम काढली. एसी नाही, दोन भिंतींवर आरसे, आणि पाऊस पडला की दारात गोणपाट.

पुलडाऊनचं मशीन आलं २००१ मध्ये, मेरठहून. व्यायामाचं सामान तेव्हाही तिथून नाहीतर जालंधरहून यायचं. वाडीबंदरच्या ट्रान्सपोर्ट गोदामात उतरलं आणि तिथून हातगाडीवर गिरगावात. सांगाडा एका गाडीवर, प्लेटा गोण्यांत भरून दुसऱ्या गाडीवर. एकूण सोळा प्लेटा, प्रत्येकीवर पाचचा आकडा ओतलेला. हमाल साताऱ्याकडचा होता. त्याने पहिली गोणी खांद्यावर घेतली, जरा थांबला आणि मालकांना म्हणाला, "शेठ, ह्यात लिवलंय तेवढं न्हाय." मालक म्हणाले, "तू उचल, बाबा." विषय तिथेच संपला.

आणखी एक घोळ झाला. सांगाडा आत उभाच राहीना. छताची सागवानी तुळई आड आली. तुळईला हात लावायची सोय नव्हती, कारण तिच्यावर वरच्या मजल्यावरचं एक अख्खं कुटुंब संसार करत होतं. शेवटी गल्लीतला वेल्डर आला आणि त्याने मशीनच्या पायांचे चार-चार इंच कापले. तुळई वाचली. पण सीट इतकी खाली आली की सहा फुटी मुलगा बसला तर पाटावर जेवायला बसल्यासारखा दिसायचा. नवीन मेंबर विचारायचे, हे असं का? मी सांगायचो, फॉरेन मॉडेल आहे.

त्याआधी पाठीसाठी आमच्याकडे होता एक लोखंडी बार आणि तुळईला बांधलेला एक दोर. बारला लोंबकळून चिन-अप्स मारायचे. यातली गोम अशी, की चिन-अपमध्ये उचलायचं वजन तुमचं स्वतःचं असतं आणि ते कमी करता येत नाही. सत्तर किलोचा माणूस पहिल्याच दिवशी सत्तर किलो कुठून उचलणार? निम्मी पोरं दोन दिवस बारला वटवाघळासारखी लटकून तिसऱ्या दिवशी यायची बंद व्हायची. पुलडाऊनने तो प्रश्न सोडवला. बार तुमच्याकडे खाली येतो, आणि किती वजनाने येईल ते पिन ठरवते. दहा किलोपासून सुरुवात करा, सहा महिन्यांनी वाटलं तर बारला लटका.

कप्पी, दोर आणि वजन ही जुळणी काही काल-परवाची नव्हे. यंत्रांवर व्यायाम करवून घेणारी संस्था गुस्ताफ झांडर नावाच्या डॉक्टरने स्टॉकहोममध्ये १८६५ मध्येच काढली होती. पुढे अमेरिकेत ऑकलंडला १९३६ मध्ये जिम काढणाऱ्या जॅक ललेनचं नाव केबलच्या यंत्रांसाठी घेतात. वजन चटकन बदलायची सोयही त्याच्याच खात्यावर मांडतात. ती सोय गिरगावात कशासाठी वापरली जाणार आहे, याची त्याला कल्पना नसावी. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला. खांबावर आणि दोरावर चढणाऱ्या त्या पोरांच्या पाठी कुठल्याही पिनेशिवाय तयार होत होत्या, हेही खरं. फरक एवढाच, की मल्लखांब गुडघेदुखीवाल्या पंचावन्न वर्षांच्या कारकुनाला जवळ करत नाही. पुलडाऊन करतं.

माझ्या उस्तादांनी मला जे शिकवलं ते चुकीचं होतं, हे लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली. नव्वदच्या दशकात सगळीकडे बार मानेच्या मागे ओढायचे. भिंतीवरच्या तक्त्यातही तसंच चित्र. मान पुढे वाकवायची, खांदे मागे पिळायचे आणि बार आणून मानेच्या खाली जो मणका वर आलेला असतो त्याच्यावर टेकवायचा. टेकवायचा कसला, आदळायचा. माझ्या त्या मणक्यावर कायमचा काळा घट्टा होता आणि मला त्याचा अभिमान होता. उजवा खांदा रात्री ठणकायला लागला तेव्हा उस्ताद म्हणाले, "म्हणजे मसल बनतोय." मसल बनत नव्हता. खांदा आतल्या आत घासत होता. बार पुढून, छातीच्या वरच्या भागाकडे आणला तर पाठीला काम पुरेपूर मिळतं आणि खांदाही सुखी राहतो, हे मला खांदा बिघडल्यावर कळलं. मी मेंबरांना मागून ओढणं बंद करायला सांगितलं तेव्हा जुन्या मंडळींनी मालकांकडे तक्रार केली, की नवा मास्तर अर्धाच व्यायाम शिकवतो.

पण मी पुढून शिकवायचो तेसुद्धा धड कुणाला जमत नव्हतं. रोजची तक्रार एकच: "सर, पाठीला काही लागतच नाही. दंड भरून येतात." माझं पाठांतर तयार असायचं. छाती वर, कोपरं खाली, मागे झुलू नकोस. मुलगा मान हलवायचा आणि पुन्हा दंडानेच ओढायचा. तीन-तीन महिने पाठ मारूनही पाठ तशीच, बायसेप मात्र टुमटुमीत. खरं सांगायचं तर तेव्हा मीही हे पाठीनं ओढणं म्हणजे नक्की काय, ते शब्दांत पकडू शकत नव्हतो.

ते पकडलं आमच्या मावशींनी.

मावशी संगमेश्वरकडच्या, साठीला आलेल्या. दुपारी बारा ते चार जिम बंद असायची, तेव्हा लादी पुसायला यायच्या. त्यांना साखरेचा त्रास होता आणि साखरवाल्यांना जो खांदा धरतो तो त्यांनाही धरला, फ्रोझन शोल्डर. वर्षभर हात डोक्याच्या वर जाईना. केस विंचरायला सून लागायची. दुखणं ओसरल्यावर महापालिकेच्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात मोकळा करून दिला आणि सांगितलं, आता ताकद आणायची, सावकाश. मावशींना ताकद हवी होती ती एका कामासाठी. चाळीच्या गॅलरीत वाळत घालायच्या दांड्या उंच असतात. काठीने ओला कपडा वर सारताना त्यांचा हात अर्ध्यावर थरथरायचा आणि साडी खालच्या मजल्यावर पडायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंशी त्यांचं बरं नव्हतं.

मी म्हटलं, मावशी, या मशीनवर बसा. त्या बसल्या. कापलेल्या पायांमुळे सीट त्यांच्या मापाची होती, त्या मशीनवर नीट बसणारी पहिली व्यक्ती त्याच असतील. त्यांनी वर चाकाकडे बघितलं, वायरीकडे बघितलं आणि हसल्या.

"ओ सर, ही तर आमच्या बावीवरची कप्पीच की!"

पहिल्या दिवशी प्लेट नाहीच लावली. वरून एक रबरी पट्टा टांगला आणि म्हटलं, ओढा. मी नेहमीची पोपटपंची सुरू करणार, तोवर त्यांनी ओढलासुद्धा. आणि मी गप्प झालो. आधी त्यांचे खांदे कानांपासून खाली गेले, पाठीची पाती आत सरकली, मग कोपरं आली. हात सगळ्यात शेवटी. ज्या क्रमासाठी मी दहा वर्षं घसा फोडत होतो तो क्रम या बाई पदर खोचून करून दाखवत होत्या.

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? दिवसाला तीस कळश्या काढलेल्या हाईत. कळशी हातानं नाय ओढायची, सर. हातानं ओढलीत तर चार कळश्यांत हात भरून येतो. हात म्हंजी नुसता आकडा." दोराच्या टोकाला कळशी अडकवायचा असतो तो लोखंडी आकडा, त्याबद्दल त्या बोलत होत्या. मग डाव्या हाताने उजव्या काखेच्या खाली, बरगडीवर थाप मारून म्हणाल्या, "ओढायची ती हितनं."

त्यांनी थाप मारली तिथेच तो स्नायू असतो. लॅटिसिमस डॉर्साय, जिममधल्या भाषेत लॅट्स किंवा विंग्स. पाठीच्या खालच्या अर्ध्या मणक्यांपासून, कंबरेपासून, नितंबाच्या हाडाच्या कडेपासून तो पंख्यासारखा निघतो, काखेखालून वळतो आणि दंडाच्या हाडाला वरच्या बाजूला, पुढून जाऊन चिकटतो. म्हणजे तो कोपराच्याही वरच संपतो. पंजा, मनगट, कोपराखालचा हात यांच्याशी त्याचा संबंधच नाही. तुम्ही बार जितका घट्ट आवळाल तितकं काम पुढच्या हाताकडे आणि बायसेपकडे जातं, आणि पाठ आरामात बसून राहते. बाकी ओढताना पात्यांमधले आणि पात्यांखालचे स्नायूही लागतात, पण मुख्य खेचाखेच याची. मावशींनी हे सगळं 'नुसता आकडा' एवढ्यात बसवलं होतं.

त्या संध्याकाळपासून मी ते वाक्य स्वतःच्या नावावर खपवायला सुरुवात केली. मेंबरला बसवायचो, मांडीवरचं पॅड घट्ट लावायचो, कारण ते सैल असलं तर वजनाने माणूसच वर उचलला जातो. पाय जमिनीला. खांद्यांपेक्षा थोडी रुंद पकड, अंगठा बारच्या वरूनच, म्हणजे आवळायचा मोह होत नाही. मग त्याच्या पात्याच्या खालच्या टोकाशी बोट टेकवून म्हणायचो, "हात म्हणजे आकडा. कळशी इथून ओढ." पहिले पाच-सहा फक्त खांदे खाली घ्यायचे, कोपर वाकवायचंच नाही. मग पूर्ण. खाली आणताना एक, वर सोडताना एक-दोन-तीन. प्लेटा खाली आदळल्याचा आवाज आला तर तो रेप मी मोजायचो नाही. यावरून भांडणं झाली आहेत. बारा रेप सलग स्वच्छ आले, असे तीन सेट झाले, की एक प्लेट वाढवायची. एक. चार नाही.

युक्ती लागू पडली. एका फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीने ती वहीत लिहून घेतली आणि मी तिला लिहू दिली. हल्लीच्या पोरांची पंचाईत वेगळीच. "सर, कळशी म्हणजे?" असं विचारतात. मग आधी विहीर समजावून सांगायची, नंतर कप्पी, नंतर पाठ. एकदा मी असाच रंगात येऊन सांगत होतो आणि दारात मावशी झाडू घेऊन उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं, एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सर, चा सांगा." त्यांचा चहा तेव्हापासून माझ्याकडे लागला.

स्पर्धेतल्या मुलांचं मात्र निराळं. बॉडीबिल्डिंगमध्ये परीक्षकांसमोर पाठमोरं उभं राहावंच लागतं, आणि समोरून राजबिंडे दिसणारे कित्येक तिथे उघडे पडतात, कारण आरशात स्वतःची पाठ कधी दिसलेलीच नसते. 'मुंबई श्री'च्या वेळी आमचा एक मुलगा उतरला होता. स्टेजमागे मशीन नसतं. असतो तो घाम, ब्रशने फासलेला तपकिरी रंग आणि शंभर पोरांची धावपळ. नाव पुकारण्याआधी पाठ फुलवायची तर मी भिंतीला पाय लावून जमिनीवर बसायचो, टॉवेलचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या, आणि तो ओढायचा. मी म्हणजे सोळा प्लेटा. त्या रात्री त्याचा नंबर आला नाही. माझा पांढरा शर्ट मात्र कायमचा तपकिरी झाला.

एकदा एक मुलगा मॉलमधल्या मोठ्या जिममधून आमच्याकडे आला. म्हणाला, तिथे मी अख्खा स्टॅक ओढतो. आमच्याकडे बसला आणि निम्म्यातच तोंड लाल झालं. "सर, तुमचं मशीन जाम आहे." मशीन जाम नव्हतं. आमच्या मशीनला होती स्थिर कप्पी, ती फक्त ओढायची दिशा बदलते, वजन आहे तेवढंच हाताला येतं. तिथे ज्या केबलच्या टॉवरवर तो ओढायचा त्यात एक चल कप्पीही होती, वजनाबरोबर वर-खाली सरकणारी. तिच्यामुळे हाताला भार निम्माच लागतो आणि दोर दुप्पट ओढावा लागतो. शाळेच्या विज्ञानात आपण हे सगळं शिकतो आणि मार्क मिळवून विसरतो. मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने शांतपणे बघितलं आणि महिन्याची फी परत मागितली.

माझ्या हातून झालेली चूकही सांगायला हवी. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की गोविंदांचा सराव सुरू होतो आणि खालच्या थरातली पोरं पाठ-खांदे बळकट करायला जिममध्ये गर्दी करतात. अशाच एका सकाळी मला दिसलं, की बारच्या वर वायरीचं प्लास्टिक तडकलंय. नवी वायर आणायला बाजारात जायचा कंटाळा केला आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. संध्याकाळी एक दणकट गोविंदा बाराव्या प्लेटवर होता. फट्ट असा आवाज झाला. बार त्याच्या मांड्यांवर आला आणि मागे प्लेटा धाडकन खाली. वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं, तुळई गेली. पोरगा हसत उठला, दोन्ही मांड्यांवर निळे पट्टे. "काय नाय झालं, सर." तोच बार दोन फूट वर असताना वायर गेली असती तर डोक्यावर आला असता. मला त्या रात्री झोप नव्हती. त्यानंतर दर शनिवारी दुपारी, मावशी लादी पुसत असताना, मी वायरीवरून पूर्ण लांबी बोटं फिरवायचो. प्लास्टिक फुगलेलं लागलं किंवा चीर लागली की त्याच दिवशी वायर बाद. मालक खर्चाबद्दल कुरकुरले की मी त्यांना स्वतः मशीनवर बसायला सांगायचो.

मावशींचं पुढे बरं चाललं. रबरी पट्ट्यावर दोन महिने, मग एक प्लेट, मग दोन. दिवसाआड, दुपारी, शटर अर्ध्यावर ओढून. खांद्यात कळ आली तर तिथेच थांबायचं, असं फिजिओ बाईंनी बजावलं होतं आणि त्या ते माझ्यापेक्षा कडक पाळायच्या. वर्ष व्हायच्या आत तीन प्लेटांवर दहा रेप यायला लागले. मी म्हटलं, चार लावूया? म्हणाल्या, "कशाला? साडी काय पंधरा किलोची असते?" दांडीवर आता त्यांच्या नऊवारी साड्या पहिल्या झटक्यात जायच्या. खालच्या बाईंशी बोलणं काही सुरू झालं नाही.

२०२३ मध्ये चाळ पुनर्विकासाला गेली. सामान विकायला काढलं. डंबेल्स गेली, बेंच गेले, पण पाय कापलेलं पुलडाऊन घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. जुने मेंबर निरोपाला म्हणून जमले होते. त्यात एक बँकेतले साहेबही होते. २००८ मध्ये त्यांनी सोळाच्या सोळा प्लेटा ओढल्या होत्या, आणि लग्नकार्यात ते अजून सांगतात, ऐंशी किलो. मी मनातल्या मनात म्हणायचो, झोके घेऊन. पण ऐंशी ते ऐंशी.

भंगारवाल्याने काटा टांगला. प्लेटा दोरीत ओवल्या आणि चढवल्या. आकडा आला अडुसष्ट.

"परत कर," मालक म्हणाले. परत केलं. अडुसष्टच. भंगारवाल्याने एक सुटी प्लेट लावून दाखवली, सव्वाचार किलो. वर ओतलेला पाच अगदी ठळक. मला तो साताऱ्याचा हमाल आठवला, ज्याने पहिली गोणी खांद्यावर घेताच सांगितलं होतं. बँकेतले साहेब काट्याला टेकून उभे होते, ते सरळ झाले. "म्हणजे मी...?" एवढंच म्हणाले आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेले.

मावशी गोणपाट गुंडाळत होत्या. त्यांनी विचारलं, "सर, माझ्या तीन किती झाल्या मग?"

"पावणेतेरा."

त्या जरा थांबल्या. "तरीच," म्हणाल्या. "भरलेली कळशी याच्याहून जड असायची."